रोटरी इंजिनाची मोटार घेतल्यावर: आधी निगा, मग वेग

विशेष प्रतिनिधी, नांदगाव (सिंधुदुर्ग)

मुंबई-गोवा महामार्ग आणि देवगड-निपाणी रस्ता नांदगाव तिठ्यावर एकमेकांना मिळतात. फोंडाघाट उतरून आलेली मोटार येथून पुढे थेट देवगडच्या समुद्राकडे निघते. घाटाचा चढ, किनाऱ्यावरचा खारा वारा आणि चाकरमानी मुंबईस परतल्यावर अंगणात महिनोन् महिने उभी राहणारी गाडी, या तीन गोष्टी कोणत्याही मोटारीची परीक्षा पाहतात. रोटरी इंजिनाच्या स्पोर्ट्स कारच्या मात्र त्या जिवावर बेततात.

माझदा आरएक्स-७ किंवा आरएक्स-८ बाळगणारे हौशी मालक आपल्याकडे मोजकेच. अशी गाडी दारात आली की पहिला विचार येतो तो मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरचा आणि रुंद चाकांचा. या इंजिनाबाबत हा क्रम उलटा धरावा लागतो. पहिले पैसे वेग वाढविण्यावर नव्हे, तर उष्णता, ठिणगी आणि तेल सांभाळण्यावर खर्च करावेत. हा क्रम चुकला की उत्तम स्थितीतील इंजिनही अकाली खोलावे लागते.

हे इंजिन वेगळे का?

नेहमीच्या इंजिनात दट्ट्या, म्हणजे पिस्टन, सिलिंडरमध्ये वर-खाली होतो. रोटरी इंजिनात दट्ट्या नाही, व्हॉल्व्ह नाहीत आणि कॅमशाफ्टही नाही. मध्यभागी किंचित आवळलेल्या लंबगोल पोकळीत फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी रोटर फिरत असतो. त्याच्या तिन्ही बाजूंवर इंधनमिश्रण आत घेणे, दाबणे, पेटविणे आणि धूर बाहेर टाकणे ही कामे पाठोपाठ चालू राहतात. रोटरची एक फेरी पूर्ण होते तेव्हा मधल्या दांड्याच्या तीन फेऱ्या झालेल्या असतात. आरएक्स-८ मध्ये ६५४ घन सेंटिमीटरचे असे दोन रोटर आहेत. एकूण क्षमता केवळ १.३ लिटर असूनही तिचे अधिक शक्तीचे इंजिन मिनिटाला ९ हजार फेऱ्यांपर्यंत धावते.

या सुखाची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. पहिले ठिकाण म्हणजे रोटरच्या तीन टोकांवर बसविलेल्या धातूच्या बारीक पट्ट्या. त्यांना अपेक्स सील म्हणतात. दाब कोंडून ठेवण्याचे काम मुख्यतः त्यांचे. त्यांना वंगण मिळावे म्हणून इंजिनातील थोडे तेल मुद्दाम ज्वलनकक्षात सोडले जाते व ते जळून जाते. दुसरे ठिकाण उष्णतेचे. ज्वलन नेहमी पोकळीच्या एकाच बाजूला होते. त्यामुळे एक बाजू तापलेली आणि दुसरी तुलनेने थंड राहते. त्यातच रोटरभोवतीचे कवच ॲल्युमिनियमचे आणि बाजूच्या भिंती लोखंडाच्या असतात. दोन्ही धातू सारखे प्रसरण पावत नाहीत. इंजिन एकदा जास्त तापले की मधल्या पाण्याच्या सीलना इजा होते आणि कूलंट आत झिरपू लागते.

या दोन अडचणींनीच या इंजिनाचा इतिहास घडविला. जर्मनीच्या एनएसयू कंपनीत फेलिक्स वान्केल यांच्या कल्पनेवरचे पहिले इंजिन १९५७ मध्ये चालले. १९६७ मध्ये आलेल्या एनएसयूच्या आरओ-८० ला युरोपात मानाचा पुरस्कार मिळाला. पण सील झिजल्याने इंजिने बदलून देता देता कंपनी मेटाकुटीस आली. जपानमधील हिरोशिमाच्या माझदात केनिची यामामोतो यांच्या चमूपुढेही हाच प्रश्न होता. कवचाच्या आतल्या भिंतीवर पडणाऱ्या चऱ्यांना त्या अभियंत्यांनी सैतानाच्या नखांचे ओरखडे असे नाव दिले होते. सीलच्या रचनेत आणि साहित्यात बदल करून त्यांनी हा प्रश्न आटोक्यात आणला आणि १९६७ मध्येच कॉस्मो स्पोर्ट बाजारात आणली. पुढे आरएक्स-७ (१९७८ ते २००२) आणि आरएक्स-८ (२००३ ते २०१२) या मोटारी आल्या. १९९१ मध्ये माझदाच्या चार रोटरच्या ७८७बी या मोटारीने ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली.

नगरचे रोटरी इंजिन

हे इंजिन महाराष्ट्राला अगदीच परके नाही. तेव्हाच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर येथील व्हीआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने बंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज आणि एडीई या संस्थांच्या साथीने ५५ अश्वशक्तीचे देशी वान्केल इंजिन तयार केले. ‘निशांत’ या वैमानिकरहित विमानाने २००९ मध्ये कोलारजवळ हे इंजिन घेऊन पहिले उड्डाण केले. त्यातही कळीचा भाग होता तो ॲल्युमिनियमच्या कवचाला आतून दिलेला निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा लेप. रोटरची टोके सतत घासली जात असताना ती भिंत टिकविणे, हे विमानाच्या इंजिनातही पहिले काम होते. मोटारीच्या मालकापुढे प्रश्न तोच आहे. फरक एवढाच की त्याच्या हाती प्रयोगशाळा नाही, फक्त सवयी आहेत.

आधी कागदपत्रे

‘स्वराज माझदा’च्या मिनीबस आणि ट्रकमुळे माझदा हे नाव मराठी माणसास परिचित आहे. प्रवासी मोटारी मात्र या कंपनीने भारतात अधिकृतपणे विकल्या नाहीत. येथे असलेली प्रत्येक आरएक्स आयात होऊन आलेली आहे. वापरलेली मोटार आयात करताना ती उत्पादनापासून तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी, उजव्या हाताच्या स्टीअरिंगची असावी आणि मुंबई बंदरातूनच यावी, असे नियम आहेत. आरएक्स-८ चे उत्पादन २०१२ मध्ये थांबले. त्यामुळे ‘नुकतीच जपानहून आणली आहे’ असे सांगून कोणी ती विकत असेल, तर तेथेच थांबावे.

सीमाशुल्क भरल्याची पावती, आयातीचे मूळ दस्तऐवज आणि आरसी यांवरील चासी व इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी स्वतः पडताळून पाहावेत. कार्नेवर, म्हणजे तात्पुरत्या परवान्यावर आलेली गाडी येथे विकता येत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये भूतानमार्गे आलेल्या मोटारींबाबत सीमाशुल्क विभागाने केरळात मोठी कारवाई केली. तेव्हा पैसे मोजून गाडी घेतलेल्यांच्याही दारातून गाड्या उचलल्या गेल्या.

इंजिन क्रमांकाचा मुद्दा रोटरीत विशेष महत्त्वाचा आहे. इंजिन पुन्हा बांधताना ज्या भागावर क्रमांक कोरलेला असतो तोच भाग बदलला गेला, तर आरसीवरील नोंद जुळत नाही. आधीच्या मालकाने इंजिन बांधून घेतले असेल तर त्याची पावती आणि परिवहन कार्यालयातील नोंद दोन्ही मागावीत. गाडीचे वयही मोजावे. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण आणि हरित कर येतो. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनुसार वीस वर्षांवरील आयात चारचाकीच्या नूतनीकरणाचे शुल्क ८० हजार रुपये झाले आहे. सुरुवातीच्या आरएक्स-८ आता याच टप्प्यावर आहेत.

खरी तपासणी दाबाची

गाडी चकाचक दिसते, पिकअप चांगला आहे, एवढ्यावर विसंबू नये. रोटरीचे आरोग्य सांगते ती कॉम्प्रेशनची, म्हणजे दाबाची चाचणी. प्रत्येक रोटरला तीन बाजू असल्याने तीन वेगळे आकडे मिळायला हवेत. साध्या गॅरेजमधील दाबमापक त्यातील फक्त सर्वांत मोठा आकडा दाखवितो आणि एक सील गेलेला असूनही इंजिन ठणठणीत भासते. त्यासाठी रोटरीचे खास उपकरण लागते.

आरएक्स-८ साठी माझदाच्या मापदंडानुसार सेल्फच्या २५० फेऱ्यांच्या गतीला प्रति चौरस सेंटिमीटर सुमारे ८.५ किलो दाब उत्तम मानला जातो. तो ६.९ च्या खाली गेला की इंजिन खोलण्याची वेळ आली, असे समजावे. चाचणी इंजिन गरम असताना घ्यावी. उपकरण मिळालेच नाही, तर निदान एक सोपी परीक्षा करावी. गाडी चांगली तापू द्यावी, बंद करावी आणि दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करून पाहावी. थंड असताना सहज सुरू होणारी गाडी गरम झाल्यावर सेल्फ मारत राहायला लावत असेल, तर दाब कमी असल्याची ती पहिली खूण होय. ही तक्रार इतकी व्यापक होती की माझदाने अमेरिकेत २००४ ते २००८ च्या आरएक्स-८ च्या इंजिनाची हमी आठ वर्षे किंवा एक लाख मैलांपर्यंत वाढविली होती.

पहिले बदल, क्रमाने

*तापमानाचा खरा काटा.* आरएक्स-८ च्या डॅशबोर्डवरील काटा मधोमध जाऊन थांबतो आणि तापमान बरेच वाढले तरी हलत नाही. तो हलतो तेव्हा अनेकदा उशीर झालेला असतो. म्हणून पहिला बदल म्हणजे अंशांत आकडा दाखविणारे वेगळे मापक. गाडीच्या ओबीडी जोडणीला लावायचे साधे उपकरणही चालते. आकडा १०५ अंशांच्या पुढे गेला की पाय सैल करावा. ११० च्या पुढे गेला तर गाडी बाजूला घेऊन बंद करावी. फोंडाघाट किंवा आंबोली चढताना या एका उपकरणाने इंजिन वाचू शकते.

*कॉइल, वायर आणि प्लग.* आरएक्स-८ मध्ये चार कॉइल आणि चार प्लग असतात. मूळ कॉइल साधारण ४०-५० हजार किलोमीटरनंतर दुबळ्या होतात. ठिणगी चुकली की न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या मार्गातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते. त्याची जाळी वितळते, धुराची वाट कोंडते, उष्णता मागे इंजिनाकडे येते आणि सीलचा बळी जातो. कॉइलची किंमत इंजिनाच्या तुलनेत नगण्य आहे. आधीच्या मालकाने त्या कधी बदलल्या हे ठाऊक नसेल, तर चारही नव्या बसवाव्यात. प्लग दोन प्रकारचे असतात, लीडिंग आणि ट्रेलिंग. त्यांच्या जागांची अदलाबदल करू नये.

*थंडाव्याची व्यवस्था.* रेडिएटर, पाण्याचे पाइप, थर्मोस्टॅट, झाकण आणि कूलंटची प्लॅस्टिकची टाकी यांचे वय पाहावे. जुनी प्लॅस्टिकची टाकी तडकते. ॲल्युमिनियमचा मोठा रेडिएटर हा या गाडीत चैनीचा नव्हे, तर गरजेचा बदल आहे. पुढच्या बंपरच्या कोपऱ्यांत बसविलेले ऑइल कूलर चिखल आणि पाल्याने भरतात. ते साफ ठेवावेत.

*तेल.* पेट्रोल दुसऱ्यांदा भरताना दर वेळी तेलाची पट्टी काढून पाहावी. दोन हजार किलोमीटरच्या आसपास लिटरभर तेल कमी झाले तर तो दोष नव्हे. ते इंजिनाचे खाणेच आहे. उलट तेल मुळीच कमी होत नसेल तर तेल सोडणाऱ्या पंपाची तपासणी करावी. तेल पाच हजार किलोमीटरला बदलावे आणि त्याचा दर्जा गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावा. माझदाने २००९ च्या सुधारित आरएक्स-८ मध्ये प्रत्येक रोटरसाठी तेलाची एक नळी वाढविली, यावरूनच आधीच्या रचनेत वंगण अपुरे पडत असल्याचे दिसते. अनेक अनुभवी मालक पेट्रोलमध्ये लिटरला सुमारे ५ मिलिलिटर चांगल्या प्रतीचे टू-स्ट्रोक तेल मिसळतात. कंपनीची तशी अट नाही. परंतु सीलना मिळणाऱ्या जादा वंगणासाठी ही पद्धत रूढ झाली आहे.

या चार गोष्टी झाल्यावर ब्रेक पॅड, टायर आणि सस्पेन्शनकडे वळावे. आरएक्स-८ ची खरी मजा तिच्या वळण घेण्यात आहे, आणि चांगले टायर ती मजा इंजिनाला धक्का न लावता वाढवितात.

टर्बोच्या आरएक्स-७ चे पथ्य

१९९१ च्या अखेरीस आलेल्या तिसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ मध्ये दोन टर्बो आहेत. तेथे धोका आणखी वाढतो. धुराची वाट मोकळी करणारा मोठा पाइप बसविला की टर्बोचा दाब ठरलेल्या मर्यादेबाहेर चढतो. इंधन मात्र तेवढेच राहते. मिश्रण पातळ होते, अवेळी स्फोट होतो आणि अपेक्स सील तुटते. हे सारे एका सेकंदाच्या आत घडते. म्हणून या गाडीत प्रथम टर्बोच्या दाबाचे मापक, सिलिकॉनच्या नव्या नळ्या, ॲल्युमिनियम रेडिएटर आणि जुन्या प्लॅस्टिकच्या हवा-विलगक टाकीऐवजी धातूची टाकी हे बदल करावेत. इंधनपुरवठा आणि संगणक यांचा मेळ घातल्याशिवाय सायलेन्सरला हात लावू नये. जोरात धावल्यानंतर मिनिटभर संथ चालू ठेवून मगच इंजिन बंद करावे.

रोजच्या सवयी

रोटरीच्या मालकाने सर्वांत जास्त टाळावी अशी गोष्ट म्हणजे थंड इंजिन सुरू करून लगेच बंद करणे. अंगणात दुसरी गाडी लावायची म्हणून आपली गाडी दोन हात पुढे घेतली आणि किल्ली फिरविली, की आत राहिलेले पेट्रोल प्लग भिजविते आणि भिंतीवरचे तेल धुऊन टाकते. पुढच्या वेळी गाडी सुरू होत नाही. हलवायचीच असेल तर ढकलावी, किंवा सुरू केल्यावर पूर्ण तापू द्यावी.

प्लग भिजलेच तर ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून आठ-दहा सेकंद सेल्फ मारावा. त्या स्थितीत इंधन बंद राहते आणि आतले पेट्रोल बाहेर फेकले जाते. थोडे थांबून मग नेहमीप्रमाणे सुरू करावी. तरीही दाद दिली नाही तर प्लग काढून सुकवावे लागतात. या सगळ्यासाठी बॅटरी आणि सेल्फ भक्कम असणे आवश्यक आहे.

इंजिन तापेपर्यंत फेऱ्या चार हजारांच्या आत ठेवाव्यात. पूर्ण तापल्यावर मात्र या इंजिनाला सतत जपून, मंद चालविणे हिताचे नाही; काजळी साठते आणि सील अडकतात. मोकळ्या रस्त्यावर, वेगमर्यादा सांभाळून, खालच्या गिअरमध्ये अधूनमधून फेऱ्या वरपर्यंत नेणे ही या गाडीची गरज आहे. शहरात ती लिटरला सात-आठ किलोमीटर देते, हे धरूनच हिशेब करावा.

कोकणातील पावसाळा आणि उभी गाडी

देवगड-मालवणच्या किनाऱ्यावर फिरून आल्यावर गाडीची खालची बाजू, चाकांच्या कमानी आणि रेडिएटर गोड्या पाण्याने धुवावा. खारे कण रेडिएटरची पाती आणि विजेच्या जोडण्या खातात. कॉइलच्या जोडण्यांना हिरवट गंज दिसू लागला तर तो वेळीच काढावा. जांभ्या मातीची तांबडी धूळ एअर फिल्टर लवकर भरते. फिल्टर ठरल्यापेक्षा आधी तपासावा.

२०२५ मध्ये देशभर पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते आणि जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. विशेषतः पावसाळ्यात उभ्या राहणाऱ्या गाडीच्या इंधननळ्या तपासून घ्याव्यात. गणपती ते शिमगा गाडी गावी ठेवायचीच असेल, तर बॅटरी सोडवून ठेवावी किंवा बारीक प्रवाहाच्या चार्जरवर ठेवावी. पंधरा दिवसांनी कोणीतरी ती किमान अर्धा तास रस्त्यावर फिरवावी. शेजाऱ्याने रोज दोन मिनिटे सुरू करून बंद करण्यापेक्षा ती न सुरू केलेली बरी.

कायदा कोठे आड येतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही अशी तरतूद झाली. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणे किंवा कानठळ्या बसविणारा सायलेन्सर लावणे प्रदूषणाच्या नियमांतही बसत नाही. रंग बदलला किंवा इंजिन बदलले तर परिवहन कार्यालयात नोंद करावी. याउलट मापक, कॉइल, प्लग, तेल, रेडिएटर यांनी आरसीवरील कोणताही तपशील बदलत नाही. रोटरीला खरोखर ज्यांची गरज आहे असे बदल कायद्याच्या चौकटीतच बसतात, ही मालकाच्या दृष्टीने समाधानाची बाब.

थोडक्यात

- खरेदीपूर्वी: सीमाशुल्काचे कागद, इंजिन क्रमांक, रोटरीच्या उपकरणाने तीन बाजूंचा दाब.
- पहिल्या आठवड्यात: तापमान मापक, चार कॉइल, प्लग, तेल व फिल्टर.
- पहिल्या तीन महिन्यांत: रेडिएटर, नळ्या, कूलंट, बॅटरी, इंधननळ्या.
- दर दुसऱ्या पेट्रोलला: तेलाची पट्टी.
- दर पाच हजार किलोमीटरला: तेल बदल.
- कधीही नाही: थंड इंजिन सुरू करून लगेच बंद करणे.

इतके करूनही एक दिवस इंजिन खोलावे लागेल, हे गृहीत धरून खरेदीच्या वेळीच काही रक्कम बाजूला ठेवावी. सील आणि गॅस्केट बहुधा परदेशातूनच मागवावे लागतात, आणि पिस्टनच्या इंजिनात हात बसलेला कुशल मेकॅनिकही रोटरी प्रथमच उघडत असेल तर त्याच्या हाती ती देणे जोखमीचे असते. हा खर्च, ही वाट पाहणे आणि या सवयी परवडत असतील, तरच या गाडीच्या वाटेला जावे. परवडत असतील, तर नऊ हजार फेऱ्यांना शिट्टीसारखा चढणारा तो आवाज दुसऱ्या कोणत्याही इंजिनात मिळणार नाही.